दाढीची भाजावळ आणि धूर: राब भाजणं बंद करावं का?

खाडीपट्टा:
दाढ म्हणजे भाताची रोपं वाढवायचा वाफा. पेरणीआधी त्यावर पालापाचोळा रचून जाळतात, तोच राब, तीच भाजावळ. मार्च ते मे हे भाजावळीचे दिवस. ऐन-किंजळीची कवळं (तोडलेल्या पालेदार फांद्या), पातेरा (वाळका पाला), शेण, गवत यांचे थर, वर मातीचा हात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने काडी. आग भडकू नये, धुमसत राहावी आणि जमीन तापावी यासाठीच ही रचना असते. पण धुमसणं म्हणजे अर्धवट जळणं. तेवढाच पाला ज्वाळेने जळाला तर जेवढा कार्बन मोनॉक्साइड आणि जेवढे बारीक कण निघतात, त्याहून कितीतरी जास्त धुमसण्यातून निघतात. त्यात वणव्याच्या भीतीने भाजतात संध्याकाळी, वारा पडल्यावर. रात्री जमीन निवते, थंड हवा खाली बसते, धूर वर उठतच नाही. वहाळाच्या (ओढ्याच्या) उताराने तो खालच्या वाडीत उतरतो आणि सकाळपर्यंत तिथेच राहतो. पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रॉनच्या आतल्या बारीक कणांसाठी आपल्याकडची 24 तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये स्वतःची शिफारस 15 वर आणली. दमेकरी आणि लहान मुलं असलेल्या घरांना हा धूर झेपत नाही. भाजावळ थांबली पाहिजे.

कातळसडा:
साफ असहमत. शेतकरी हौसेने राब भाजत नाही. भाजल्याने वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते आणि तरवा (भाताचं रोप) मुळं न तुटता उपटतो. आपल्या जांभ्याच्या आंबट जमिनीला राखेतून पोटॅश आणि थोडा चुना मिळतो, तोही फुकट. एकरी चार गुंठे दाढ. तिथे तण माजलं तर जूनमध्ये बेणणीला (तण काढायला) माणूस आणायचा कुठून? आणि धुराचंच बोलायचं तर महामार्ग 66 च्या कामाची धूळ, चिरेखाणी, गावाबाहेर जळणारा कचरा हे वर्षभर चालू असतं. राब वर्षातून एकदाच भाजतात.

खाडीपट्टा:
चिऱ्याची आणि रस्त्याची धूळ बहुतांशी जाड कणांची असते. पाणी मारलं, ट्रकवर ताडपत्री घातली, की बरीच आटोक्यात येते. लाकूडपाल्याच्या धुरातले बहुतेक कण 2.5 मायक्रॉनच्या आतले असतात. ते फुप्फुसात खोल जातात आणि त्यांच्यावर पाणी मारून भागत नाही. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच 5,000 रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणात जाळला तर 25,000. त्याची अंमलबजावणी व्हायलाच हवी, पण ती होत नाही म्हणून राबाला सूट द्यावी हे पटत नाही.

तणाचं म्हणाल तर उन्हाने जमीन तापवता येते. एप्रिलमध्ये वाफा ढेकळं फोडून सपाट करायचा, वीतभर खोल भिजवायचा आणि वर 25 मायक्रॉनचं पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारही कडा मातीत गाडायच्या. चार ते सहा आठवडे हलवायचं नाही. गुंठ्याला कडांसकट तीन किलोच्या आत प्लॅस्टिकचा कागद लागतो. फसतं ते तीन कारणांनी: काळा कागद घेतला, माती कोरडी राहिली, किंवा ढेकळांमुळे खाली हवेची पोकळी राहिली. लव्हाळ्याच्या गाठी मात्र याने मरत नाहीत, त्या खणूनच काढाव्या लागतात.

कातळसडा:
वीतभर खोल भिजवायला गुंठ्याला तीनेक हजार लिटर पाणी धरा. चार गुंठ्यांना बारा हजार. एप्रिलमध्ये सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) वाडीत प्यायला टँकर येतो, तिथे हे पाणी कोण देणार? शिवाय गुरांनी फाडलेला तो कागद शेवटी कचऱ्यातच जळणार, आणि त्याचा धूर कवळांच्या धुरापेक्षा वाईट.

भातगिरण:
पाण्याचा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून दाढच लहान करा. चटई रोपवाटिकेत एकराला 40 चौरस मीटर पुरतात, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. खाली प्लॅस्टिक, त्यावर चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत यांचा बोटभर जाडीचा थर, वर मोड आलेलं बियाणं. बी आधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं पोचट काढा, म्हणजे 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ, आणि राहिलेलं बी दोनदा धुऊन घ्या. माती चाळलेली असते, क्षेत्र एवढंसं, त्यामुळे तण हाताने निघतं. उपटायचा प्रश्नच नाही, चटई कापून उचलायची.

यात अडचण वेळेची आहे. रोप 14 ते 18 दिवसांत लावावं लागतं. पाऊस ओढला आणि चिखलणी लांबली की थर पातळ असल्याने रोपं पिवळी पडतात. खोल पाणी साचणाऱ्या मळ्यात कोवळं रोप बुडतं, खारजमिनीत तर ते तगतच नाही. म्हणून सगळ्यांनी हेच करा असं मी म्हणणार नाही. निचरा असलेल्या कोपऱ्यांसाठी हे आहे. आणि एकदम सगळं बी टाकू नका, आठ दिवसांच्या अंतराने दोन हप्त्यांत टाका.

खाडीपट्टा:
भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीतली तुसाची काळी राखही सुचवावी लागेल. चौरस मीटरला अर्धा ते एक किलो वाफ्यात मिसळतात, रोपाला सिलिका मिळते, काड ताठ होतं.

कातळसडा:
आणि ती राख येते कुठून? तूस जाळूनच ना! तुसाच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राख उरते, म्हणजे एका गुंठ्याच्या 50 किलो राखेसाठी अडीचशे किलो तूस धुमसवायचं. राबाचा धूर बंद करून तुसाचा सुरू करण्यात काय हशील?

भातगिरण:
बरोबर. मुद्दाम तूस जाळू नये. चुलीची राख चाळून वापरावी, तेवढीच.

कातळसडा:
चटई मी वरकस (डोंगरउताराची जमीन) सोडून मळ्यांच्या कडेला मानायला तयार आहे. डोंगरउतारावरचा राब राहणार. तिथे बदल करायचा तर वेळेचा करा. संध्याकाळऐवजी सकाळी नऊच्या पुढे, धुकट विरल्यावर पेटवा आणि दुपारचे खारे वारे जोर धरायच्या आत विझवा. पाला पूर्ण वाळलेला हवा, ओलं शेण आणि हिरवी कवळं नकोत. भोवती दोन हात रुंद पट्टा साफ करायचा, पाण्याची कळशी आणि दोन माणसं शेवटपर्यंत जागेवर.

खाडीपट्टा:
सकाळी पेटवलेला राब दुपारपर्यंत विझत नाही, वर माती टाकलेली असते तोवर तो आतून रात्रभर धुमसतो. मातीचा थर काढून टाकणार असाल तर बोला.

कातळसडा:
माती काढली तर आग भरभर निघून जाते आणि खालचं बी मरत नाही. थर निम्मा करून बघता येईल. त्याहून जास्त नाही.