मदत हवी आहे: मुलीचा चेहरा सुकत चाललाय, सी३ कमी आलंय

नमस्कार. आम्ही डिचोलीजवळ राहतो. मुलगी तेरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वीच्या चवथीला माटोळीखाली काढलेला फोटो यंदाच्या फोटोशेजारी ठेवला आणि माझ्या पोटात गोळा आला. गाल आत गेलेत, कानशिलाशी खड्डे पडलेत, दंड काटकुळे झालेत. कमरेखाली मात्र काहीच फरक नाही. पोलकं खांद्यावरून घसरतं आणि परकर कमरेला घट्ट होतो.

सासूबाईंनी तीनदा दिष्ट काढली. एका डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दुसऱ्यांनी "वयात येतेय, खायला घाला" म्हणून परत पाठवलं. त्यात दीड वर्ष गेलं, याची फार रुखरुख लागते.

आता निदान झालंय: अक्वायर्ड पार्शियल लिपोडिस्ट्रॉफी, म्हणजे बॅराकेर-सिमन्स सिंड्रोम; यात अंगाच्या वरच्या भागातली चरबी झिजते. सी३ फक्त २८ आलं (९० च्या वर हवं), सी४ ठीक. नव्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. कॉम्प्लिमेंट ही रक्तातल्या प्रथिनांची साखळी, जंतू दिसला की पेटते; सी३, सी४ ही तिच्यातलीच प्रथिनं. सी३ फोडणारं एक एन्झाइम असतं, ते काही मिनिटांत आपोआप मोडायला हवं. हिच्या रक्तातली सी३ नेफ्रिटिक फॅक्टर ही अँटीबॉडी त्याला मोडूच देत नाही. विहिरीवरची मोटर बंदच होऊ नये आणि विहीर आटावी, तसं. या साखळीला लागणारा फॅक्टर डी चरबीच्या पेशी स्वतःच बनवतात, म्हणून आगही त्यांच्याच घरात लागते.

माझे प्रश्न: तूपसाखर घालून गाल भरतील का? आणि या आजारात मूत्रपिंडालाही त्रास होतो म्हणतात, ते कितपत मनावर घ्यायचं? घरात कुणाला हे झालं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या बहिणीला हेच आहे, आम्ही फोंड्याचे. तूपसाखर नको. वरची चरबी खाऊन परत येत नाही, वाढते ती मांड्यांवर. झीज थांबल्यावर, मोठेपणी, मांडीची चरबी गालात भरता येते. बहिणीने तसं करून घेतलं.

मूत्रपिंडाचं मात्र पूर्ण मनावर घ्या. साधारण पाचात एकाला त्रास होतो, तोही बऱ्याचदा चेहरा सुकायला लागल्यावर काही वर्षांनी. म्हणून "आज रिपोर्ट चांगला" एवढ्यावर थांबू नका. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, रक्तदाब, किती दिवसांनी तपासायचं ते मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. सी३ कमी असलं की काही जंतूंचा धोका वाढतो, तेव्हा मेनिंगोकोकस (मेंदूज्वराचा एक जंतू) आणि न्यूमोकोकसच्या लशींचंही विचारा. घरी एवढंच बघा: सकाळी पापण्या सुजतात का, लघवीवर साबणासारखा फेस टिकून राहतो का.

धागाकर्ती:
खूप आभार. फेस मी पाहिलाय हो, या महिन्यात दोनदा. न्हाणीघरात साबण सांडला असेल म्हणून पाणी ओतलं. उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन पहिल्या बसने निघते.