नवशिक्याने व्हिडिओ संकलनासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

प्रश्न:
मोबाइलवर केलेले चित्रण जोडून दहा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ तयार करण्याचा माझा विचार आहे. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असून वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. बहुतेक जण दा विंची रिझॉल्व्ह सुचवतात, परंतु त्यात क्लिप टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडण्याच्या पट्टीवर) ठेवताच चित्र अडखळू लागते. सॉफ्टवेअर बदलावे की लॅपटॉप?

उत्तर १:
रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती वॉटरमार्क न लावता ३८४० × २१६० पर्यंतचा व्हिडिओ काढून देते आणि रंगसुधारणेत तिची बरोबरी करणारे मोफत साधन माझ्या पाहण्यात नाही. मात्र तिचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. आपण केडेनलाइव्ह किंवा शॉटकट घ्यावे. दोन्ही मुक्तस्रोत आहेत आणि तुलनेने हलकी आहेत.

उत्तर २:
सूचना योग्य आहे, पण केवळ सॉफ्टवेअर बदलून अडखळणे थांबेलच असे नाही. मोबाइल एच.२६४ किंवा एच.२६५ पद्धतीने चित्रण साठवतो, म्हणजे काही मोजक्याच फ्रेम (व्हिडिओतील एकेक स्थिर चित्र) पूर्ण ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेला बदल नोंदवतो. त्यामुळे मधल्या एखाद्या क्षणावर जायचे झाले, तरी संगणकाला मागच्या पूर्ण फ्रेमपासून हिशेब करत यावे लागते. यावर उपाय प्रॉक्सीचा. संकलनापुरती क्लिपची हलकी प्रत वापरली जाते आणि अंतिम व्हिडिओ मूळ क्लिपवरूनच तयार होतो, त्यामुळे दर्जा घटत नाही. ही सोय रिझॉल्व्हसह तिन्हींत आहे.

प्रश्नकर्ता:
केडेनलाइव्हमध्ये प्रॉक्सी सुरू केल्यावर काम सुरळीत झाले. मात्र लांब क्लिपच्या शेवटाकडे आवाज आणि ओठांची हालचाल जुळत नाही.

उत्तर २:
बहुधा हा फ्रेमदराचा, म्हणजे दर सेकंदाला किती फ्रेम याचा, घोळ असावा. अनेक मोबाइल प्रकाशानुसार फ्रेमदर कमी-जास्त करतात, तर टाइमलाइनचा दर ठरलेला असतो. हँडब्रेक या मोफत साधनात स्थिर फ्रेमदराचा पर्याय निवडून क्लिप आधी रूपांतरित कराव्यात आणि मगच प्रकल्पात घ्याव्यात. त्या एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात, कारण प्रकल्पाच्या फाइलमध्ये चित्रण नसते, फक्त त्याचा पत्ता असतो. फोल्डर हलवल्यामुळे सगळ्या क्लिप पुन्हा शोधत बसण्यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली आहे.