मदत हवी आहे: मेकॅनिकलनंतर जहाजावर इंजिनिअर व्हायचंय, पहिलं जहाज मिळवण्यासाठी एजंटला पैसे द्यावेत का?

नमस्कार,

मी २२ वर्षांची, चिपळूणजवळच्या गावातली. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत एकही विषय राहिलेला नाही. बाबांचं डिझेल पंप आणि नोझल दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रकवाले येतात, तसे दाभोळ-हर्णैकडचे बोटवालेही येतात. सातवीत असताना बाबांनी माझ्या हातात फीलर गेज दिला आणि टॅपेट सेट करायला शिकवलं. तेव्हापासून इंजिनाशिवाय दुसरं काही करावंसं वाटलं नाही. बारावीला असताना मर्चंट नेव्हीत मशीनवाले इंजिनिअर वेगळे असतात हेच मला ठाऊक नव्हतं, नाहीतर तेव्हाच मरीनला गेले असते.

आता जीएमई करायचं ठरवलंय, म्हणजे मेकॅनिकलच्या पदवीनंतरचा मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स. अडचण पुढची आहे. एका संस्थेत चौकशी केली, तर म्हणाले प्लेसमेंटसाठी मदत करू, हमी देत नाही. दोन कंपन्यांच्या ऑफिसात फोन केले. एकीकडे सांगितलं, या बॅचला मुली घेत नाही. दुसरीकडे नाव लिहून घेतलं, पुढे काही नाही. मग ओळखीतून नवी मुंबईतला एक एजंट भेटला. तो पहिल्या जहाजाची खात्री देतोय, एकूण सात लाख, त्यातले दोन लाख महिनाअखेरीस रोख. कोर्सची फी वेगळी. बाबा घरामागची जागा तारण ठेवायला तयार झालेत. त्यांनी माझ्यावर इतका विश्वास टाकलाय की रात्री झोप लागत नाही.

आईचं म्हणणं वेगळं. वीस-पंचवीस पुरुषांत सहा महिने एकटी पोरगी, दार वाजलं तर कोणाला हाक मारणार? माझ्याकडे उत्तर नाही, कारण जहाजावर काम केलेली एकही बाई मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेली नाही. आत्या म्हणते, लग्न झाल्यावर सगळं सोडावंच लागेल, मग एवढा खर्च कशाला?

कोणी या क्षेत्रात असेल तर मोकळेपणाने सांगा. कडू असलं तरी चालेल.

प्रतिसाद: तीन_साब

अगं, सगळ्यात आधी बाबांना सांग की जागेच्या कागदांना हात लावू नका. बाकीचं नंतर वाच.

नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं कायद्याला मान्य नाही. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६, असं सांगतो आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारलाय. आपल्याकडे जहाजावर माणसं पाठवणाऱ्या कंपनीला डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचा, आरपीएसएल परवाना लागतो. परवानाधारकांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. त्या माणसाला परवाना क्रमांक विचार आणि यादीत स्वतः शोध. नाव सापडलं तरी पैसे द्यायचे नाहीत. रोख मागणारे लोक मुलांना कुठल्यातरी जुनाट बोटीवर चढवतात, तिथली समुद्रसेवा, म्हणजे जहाजावर काम केल्याचा काळ, परीक्षेला धरली जात नाही, आणि पोरं परदेशी बंदरात पगाराविना अडकतात. माझ्या बॅचमधला एक मुलगा असाच आठ महिने अडकला होता.

मी सांगलीची, सध्या थर्ड इंजिनिअर आहे, ऑइल टँकरवर. तीन कॉन्ट्रॅक्ट झालीत, आता सुट्टीवर घरी आहे.

तू क्रम उलटा धरलायस. आधी प्रवेश आणि मग कंपनी, असं नाही करायचं. आधी स्पॉन्सरशिप, मग प्रवेश. कंपनी लेखी परीक्षा आणि मुलाखत घेते, निवड झाली की स्पॉन्सरशिपचं पत्र देते, ते हातात आल्यावर फी भरायची. लोणावळ्याची समुंद्रा किंवा कर्जतची अँग्लो ईस्टर्न यांसारख्या संस्था जहाजकंपन्यांशीच जोडलेल्या आहेत. तळेगावच्या तोलानीत आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीच्या (आयएमयू) मुंबईतल्या कॅम्पसमध्येही चौकशी कर. यंदा कुठे जीएमईची बॅच आहे आणि किती मुली घेणार हे थेट विचारायचं. एका कंपनीने नाही म्हटलं म्हणून थांबू नकोस, मला पाचव्या ठिकाणी हो मिळालं. दर दोन आठवड्यांनी मेल टाकायचे, त्यात बाबांच्या दुकानातलं काम सविस्तर लिहायचं. फ्युएल पंप उघडलेली मुलगी मुलाखतीला बसली की समोरचा माणूस सावरून बसतो.

आणि फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी करून घे. रंगांधळेपणा निघाला तर तिथेच रस्ता बंद होतो. कोर्स अर्धा झाल्यावर हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता आईंच्या प्रश्नाबद्दल, आणि हे मी खरंच मनापासून लिहितेय. केबिन स्वतंत्र असते, बाथरूम आत असतं, दाराला आतून कडी असते. बहुतेक लोक चांगले असतात. जेवायच्या टेबलावर दुसऱ्या आठवड्यापासून मी बाई आहे हे कोणाच्या ध्यानातही नसतं. पण माझ्या दुसऱ्या जहाजावर एक वरिष्ठ रात्री काही ना काही निमित्त काढून दार वाजवायचा. पहिल्या दोन वेळा मी गप्प बसले, ती माझी चूक. तिसऱ्या वेळेपासून तारीख, वेळ, शब्द वहीत लिहिले आणि कॅप्टनकडे गेले. प्रत्येक जहाजावर डीपीएचा, म्हणजे कंपनीने किनाऱ्यावर नेमलेल्या जबाबदार व्यक्तीचा, फोन नंबर भिंतीवर लावलेला असतो. तिथेही कळवलं. पुढच्या बंदरात तो माणूस उतरला. आईंना सांग, हाक मारायला माणूस असतो, फक्त हाक पहिल्याच रात्री मारायची. १ जानेवारी २०२६ पासून चढण्याआधीच्या मूलभूत प्रशिक्षणातच छळ आणि लैंगिक छळाला कसं तोंड द्यायचं याचा भाग सगळ्यांना सक्तीचा झालाय, पुरुषांनाही. आमच्या वेळी तो नव्हता.

कामाबद्दल: उष्ण कटिबंधात इंजिन रूममध्ये ४५ अंश सहज होतं. पहिल्या जहाजावर तू ट्रेनी किंवा ज्युनिअर. प्युरिफायरचा (तेल स्वच्छ करणाऱ्या यंत्राचा) बाऊल खोलणं, फिल्टर धुणं, बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या खोलगट भागात, उतरणं, हे रोजचं. ताकद कमी पडेल असं वाटतं, पण जड वस्तू तिथे पुरुषही उचलत नाहीत, चेन ब्लॉकने उचलतात. मला त्रास झाला तो बॉयलर सूटचा, म्हणजे कामाच्या अंगभर पोशाखाचा. सगळ्यात लहान मापही ढगळ, बाह्या फिरत्या शाफ्टजवळ लोंबायच्या. आता नियम बदललाय, २३ डिसेंबर २०२४ पासून मापात बसणारी सुरक्षा साधनं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. जहाजावर रुजू होण्याआधीच बूट आणि हातमोज्यांचं माप कळव. सॅनिटरी पॅड मात्र पूर्ण कॉन्ट्रॅक्टचे घरून ने, दोन महिन्यांचे जादा. बंदरात उतरायला मिळेलच असं नाही.

प्रतिसाद: जुना_चीफ

मुली, मी ३४ वर्षं समुद्रावर होतो, शेवटची १५ चीफ इंजिनिअर म्हणून. वरच्या ताईंनी लिहिलेलं सगळं बरोबर आहे. मी एकच गोष्ट सांगतो.

माझ्या जहाजावर पहिल्यांदा मुलगी ट्रेनी आली तेव्हा मी तिला कंट्रोल रूममध्ये बसवलं. लॉगबुक लिही, स्पेअर पार्टची यादी कर, असं काम दिलं. खाली गरम आहे, हाताला लागेल, असं मला वाटायचं. मी तिला जपतोय अशी माझी समजूत होती. चार महिन्यांनी ती ट्रेनिंगची नोंदवही सहीसाठी घेऊन आली, तर निम्मी पानं कोरी. म्हणाली, सर, मी प्युरिफायर बाहेरूनच पाहिलाय, क्लास फोरच्या (इंजिनिअरच्या पहिल्या परवान्याच्या) तोंडी परीक्षेत काय सांगू? मला उत्तर देता आलं नाही. उरलेले दोन महिने तिला फोर्थ इंजिनिअरच्या हाताखाली दिली. जनरेटरचा हेड काढताना तिने सगळ्यांच्या आधी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट तपासली. हे मी चार महिने अडवून ठेवलं होतं.

म्हणून सांगतो, तुला कोणी जपायला लागलं तर नम्रपणे, पण रोज, काम माग. जीएमईनंतर किमान सहा महिने समुद्रसेवा झाली की एमएमडीची (सरकारच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटची) क्लास फोर परीक्षा देता येते, लेखी आणि तोंडी. तोंडी परीक्षेत सर्व्हेयर, म्हणजे तिथले परीक्षक, पुस्तकातलं विचारून थांबत नाहीत. बॉयलरच्या गेज ग्लासची खात्री कशी करशील, क्रँककेसमध्ये ऑइल मिस्टचा अलार्म आला तर पहिलं पाऊल कोणतं, असं विचारतात. हाताने केलेलं असेल तरच जीभ चालते.

सोनाली बॅनर्जी १९९९ मध्ये देशातल्या पहिल्या महिला मरीन इंजिनिअर झाल्या, कोलकात्याच्या मेरी या मरीन इंजिनिअरिंगच्या संस्थेतून. २०२१ च्या जागतिक अहवालात बायका खलाशांमध्ये १.२८ टक्केच होत्या, २४,०५९. कमी आहेत खऱ्या, पण तू पहिली नाहीस.

प्रतिसाद: आई_डेक_कॅडेटची

तुमच्या आईंसाठी लिहिते. माझी मुलगी डेकवर आहे. पहिल्या कॉन्ट्रॅक्टला मी तीन महिने नीट जेवले नाही. हल्ली बऱ्याच जहाजांवर वायफाय असतं, पण ते कधी आठवडाभर गायब होतं, आणि तेव्हा जीव टांगणीला लागतो. तिने जाताना जहाजाचं नाव, कंपनीच्या ऑफिसचा नंबर आणि कॉन्ट्रॅक्टची प्रत मला दिली होती. तिच्या बॅचच्या दोन मुलींच्या आयांचे नंबरही. आम्ही तिघी एकमेकींना फोन करतो. आईंना माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप टाका, मी फोन करेन.

प्रतिसाद: तीन_साब

आत्यांचा प्रश्न राहिला होता. माझं लग्न झालंय. चार-पाच महिने बाहेर, मग तीन-चार महिने पूर्ण घरी. नवऱ्याला आणि सासूबाईंना हे लग्नाआधी कागदावर आकडेमोड करून दाखवलं होतं. मूल झाल्यावर काय, हे आम्ही अजून ठरवतोय, त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण समुद्रसेवा आणि सर्टिफिकेट वाया जात नाही. पवईत इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग आहे, तिथे जहाजं तपासणारे सर्व्हेयर लागतात. जहाजकंपन्यांना सुपरिंटेंडंट लागतात, माझगाव, गोवा, कोचीच्या गोद्यांना इंजिनिअर लागतात. या नोकऱ्यांत समुद्रावरचा अनुभव आणि वरच्या क्लासचा परवाना विचारतात, म्हणून सोडायचंच असेल तर निदान क्लास टू करून सोड.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवसांनी लिहितेय.

त्या एजंटला परवाना क्रमांक विचारला. आधी म्हणाला उद्या पाठवतो, मग फोन उचलेना. यादीत त्याचं नाव नाही. बाबांनी बँकेतून कागद परत आणले आणि काही न बोलता कपाटात ठेवले. रंगांची तपासणी झाली, दोष नाही. सात कंपन्यांना मेल गेलेत, त्यात बाबांच्या दुकानातल्या कामाचं पूर्ण पान आहे. एका ठिकाणाहून लेखी परीक्षेची तारीख आलीये.

आईने जुना_चीफ काकांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. कॅडेटच्या आईंशी ती काल पाऊण तास बोलली. आता तिचा एकच प्रश्न आहे: जहाजावर पोरीला ताप आला तर डॉक्टर असतो का?

प्रतिसाद: जुना_चीफ

मालवाहू जहाजावर नसतो. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं आणि तीन दिवसांपेक्षा मोठा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तरच डॉक्टर सक्तीचा, म्हणजे मुख्यतः प्रवासी जहाजं. आमच्याकडे एका अधिकाऱ्याला, बहुधा सेकंड ऑफिसरला, औषधोपचाराचं प्रशिक्षण असतं. औषधांचं कपाट असतं आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला रेडिओ किंवा सॅटेलाइट फोनवर कधीही, फुकट मिळतो. फार बिघडलं तर जहाज वाट सोडून जवळच्या बंदराकडे वळवतात. माझ्या कारकिर्दीत दोनदा वळवलं. आईंना हे जसंच्या तसं वाचून दाखव.