विषय: उत्तर: उत्तर: कुर्त्सआर्बाइट (तात्पुरती तासकपात) – करवर्ग ३/५ चं ४/४ करायचं का?

प्रेषक: झिंडेलफिंगन
नमस्कार मंडळी. ह्यांचे तास १ नोव्हेंबरपासून निम्मे. पगारातून कर कापायच्या वर्गांत हे ३ मध्ये (कर कमी कापतात), मी ५ मध्ये (जास्त कापतात). ऑफिसात म्हणतात कुर्त्सआर्बाइटरगेल्ड (तासकपातीच्या काळातला भत्ता) करमुक्त. मग काकांनी मागे लिहिलं होतं की पुढच्या वर्षी फिनान्त्सआम्टला (करकचेरीला) पैसे भरावे लागतात, ते कशापायी? महिनाअखेरीच्या आत ४/४ करून टाकू का?

प्रेषक: एस्लिंगन (काका)
करमुक्त आहे, पण कराचा दर ठरवताना ते उत्पन्नात धरतात. नवराबायकोचं मिळून करपात्र उत्पन्न ६०,००० युरो आणि वर्षभरात कुर्त्सआर्बाइटरगेल्ड ६,००० असं समजा. दर काढायचा ६६,००० वर, लावायचा ६०,००० ला. २०२५च्या कोष्टकाने १४.३ टक्क्यांऐवजी १५.७ टक्के. म्हणजे कर ८,६०० च्या जागी ९,४००. हे ८०० युरो पगारातून कापलेले नसतात. मिळेल त्या कुर्त्सआर्बाइटरगेल्डमधले १५ टक्के दरमहा वेगळ्या खात्यात टाका.

प्रेषक: बोब्लिंगन
काका, १५ टक्के सगळ्यांना लागू नाही. ३/५ मध्ये दोघांच्या पगारांत फार फरक नसेल तर मुळातच कर कमी कापला जातो, ती तूट ह्या ८०० वर चढते. उलट एखाद्याला दोनतीन महिने शून्य तास असतील, तर पूर्ण पगाराच्या महिन्यांत जास्त कापलेला कर परतही येतो. १५ टक्क्यांचा ठोकताळा नको, आकडे घालून काढा.

प्रेषक: खजिनदार
मूळ प्रश्न ४/४ चा होता. ताई, घाई करू नका. कुर्त्सआर्बाइटरगेल्ड म्हणजे हातात येणाऱ्या पगारातल्या तुटीचे ६० टक्के, मूल असेल तर ६७. ती तूट करवर्गावरून मोजतात, ३ मधून ४ मध्ये गेलात की रक्कम घटते. उद्या नोकरीच गेली तर बेकारभत्त्याला त्या वर्षीच्या १ जानेवारीचा वर्ग धरतात. कराचा हिशोब विवरणपत्रात बरोबर होतो. भत्ता कमी ठरला तर तो फरक विवरणपत्रातून परत मिळत नाही. वर्ग ठेवा, पैसे बाजूला टाका.

प्रेषक: सचिव
करविषयक प्रश्नांसाठी वेगळी यादी आहे, इथे हॉलच्या भाड्याचं ठरायचंय.

प्रेषक: बोब्लिंगन
सचिवसाहेब, ह्या भागात कारखाने तास कमी करत असताना हे इथेच राहू द्या. विवरणपत्राबद्दल: कुर्त्सआर्बाइटरगेल्डसारखी रक्कम वर्षाला ४१० युरोंच्या वर गेली की ते भरणं सक्तीचं, ३/५ वाल्यांना तसंही आहेच. मुदत पुढच्या वर्षी ३१ जुलै. आकडा लोनश्टॉयरबेशायनिगुंगच्या (मालकाकडून मिळणारा पगार-कराचा वार्षिक दाखला) १५व्या ओळीत असतो, एल्स्टरवर (विवरणपत्र भरायची सरकारी वेबसाइट) तो आपोआप आला तरी ताडून पाहा. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागता येतात, पण महिना अर्धा टक्का व्याज लागतं.

प्रेषक: एस्लिंगन (काका)
ठीक, आकडे घालून काढा. पण ताई, आधी कागद बघा. 'तास निम्मे' म्हणजे कुर्त्सआर्बाइट की करारातच कायमची कपात? कुर्त्सआर्बाइटमध्ये नोकरी गेल्यास भत्ता पूर्ण पगारावर मोजतात. करार बदलून तास कमी केलेत तर कुर्त्सआर्बाइटरगेल्ड मिळत नाही आणि पुढे भत्त्यालाही कमी झालेला पगार धरला जाऊ शकतो. नोकरी संपवायचा आउफहेबुंग्सफरट्राग (दोघांच्या संमतीचा करार) पुढे आला तर त्यावरही सही नको, साधारण १२ आठवडे भत्ता अडतो. आणि नोटीस हाती आली की आर्बाइट्सआगेंटूरला (रोजगार कचेरीला) शेवटच्या दिवसाच्या ३ महिने आधी कळवायचं. तेवढा वेळ उरला नसेल तर ३ दिवसांत. चुकलात तर एक आठवड्याचा भत्ता जातो.

प्रेषक: झिंडेलफिंगन
कागद काढला. वर कुर्त्सआर्बाइट हा शब्दच नाही. '१ नोव्हेंबरपासून आठवड्याला १७.५ तास' एवढंच, शेवटची तारीख नाही, खाली सहीची रेघ आहे. सोमवारी द्यायचा आहे. सही केलेली नाही. काका, आज संध्याकाळी फोन करू का? बेट्रीब्सराटला (कंपनीतल्या कामगार प्रतिनिधींना) नेमकं काय विचारायचं तेही सांगा.