सुपरहिरोपटाचा दुसरा भाग पहिल्यावर मात कशी करतो? (अनुभव धागा)

पटकथा, संकलन, छायालेखन, अ‍ॅनिमेशन अशा कुठल्याही बाजूने हा प्रकार जवळून पाहिलेल्यांनी इथे लिहावं. 'दुसरा जास्त आवडला' एवढ्यावर थांबू नका. कुठला प्रसंग, त्यात काय केलंय, आणि ते पहिल्या भागात का जमलं नसतं, तेही लिहा.

पटकथेकडून

पहिल्या भागाचा निम्मा जीव ओळख करून देण्यात जातो. 'सुपरमॅन'मध्ये (१९७८) क्रिस्टोफर रीव्ह पडद्यावर यायलाच पाऊण तास लागतो. 'बॅटमॅन बिगिन्स'मध्ये (२००५) पोशाख अंगावर चढेपर्यंत जवळजवळ तास होतो. दुसऱ्या भागाला हा वेळ आयता मिळतो. तो कशावर खर्च केला, यावर सगळं ठरतं.

'स्पायडर-मॅन २' (२००४) पाहा. मागची कथा श्रेयनामावलीतच, अ‍ॅलेक्स रॉसच्या चित्रांतून उरकली आहे. लगेच पिझ्झा पोचवण्याचा प्रसंग येतो. वाटेत मुलं वाचवताना पीटरला (म्हणजेच स्पायडर-मॅनला) उशीर होतो आणि नोकरी जाते. भाडं थकलंय, कॉलेजात तो मागे पडलाय, जिच्यावर प्रेम आहे त्या मेरी जेनच्या नाटकाला उशिरा पोचतो तर दारावरचा माणूस आत सोडत नाही. प्रत्येक वेळी कारण एकच, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही. एवढं साचल्यावर त्याची शक्ती जायला लागते, म्हणून ते पटतं. पहिल्या भागात प्रश्न होता 'शक्ती मिळाली तर?' इथे प्रश्न आहे 'ती परवडते का?' दुसरा प्रश्न जास्त वजनदार आहे, आणि तो विचारायला पहिला भाग आधी होऊन गेलेला असावा लागतो.

या भागाचा खलनायक, शास्त्रज्ञ ऑक्टेव्हियसही याच प्रश्नातून घडवलाय. पीटर त्याच्या घरी जेवतो, बुद्धी माणसांच्या भल्यासाठी वापरायची असते हे त्याच्याकडून ऐकतो. त्याच्या यांत्रिक हातांना आवर घालणारी मानेवरची चिप जळते आणि ते हातच त्याच्यावर ताबा मिळवतात. शेवटी पीटर त्याला त्याच्याच शब्दांची आठवण करून देतो, तेव्हा तो भानावर येतो. मारामारीने सुटला असता तर शेवट इतका लागला नसता.

खलनायक लिहिताना

'द डार्क नाइट'चा (२००८) चौकशीचा प्रसंग संवाद बंद करून एकदा पाहा. खोली अंधारी. पोलीस अधिकारी गॉर्डन उठून जातो, दिवे लागतात, बॅटमॅन जोकरच्या मागेच उभा. मग मार सुरू होतो आणि जोकर हसत राहतो. बॅटमॅनचा सगळा दरारा भीतीवर उभा आहे आणि समोरच्याला भीतीच नाही. ओलिसांचे ठावठिकाणे मिळतात तेही अदलाबदल केलेले: बॅटमॅन बालमैत्रीण रेचेलसाठी धावतो आणि हाती लागतो सरकारी वकील हार्वी डेंट. नायकाची ताकद जिथे चालत नाही नेमकं तिथेच खलनायकाने बोट ठेवायचं, हे इथून शिकावं.

दुसरी खुबी म्हणजे जोकरला पूर्वकथाच दिलेली नाही. तोंडावरच्या व्रणांच्या दोन गोष्टी तो सांगतो, एकदा बापाची, एकदा बायकोची, आणि दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. ओळख करून देण्यातला वेळ वाचला तो डेंटला मिळाला. त्याचं पडणं हाच त्या चित्रपटाचा कणा आहे.

कॅमेऱ्यामागून

पहिला भाग चालला की दिग्दर्शकाच्या शब्दाला वजन येतं. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन आणि छायालेखक वॉली फिस्टर यांनी 'द डार्क नाइट'मधली २८ मिनिटांच्या आसपासची दृश्यं आयमॅक्स कॅमेऱ्यावर घेतली, बँकेचा दरोडा त्यातलाच. हे काम कटकटीचं. कॅमेरा अवजड, एका मॅगझिनमध्ये (फिल्मच्या डब्यात) जेमतेम तीन मिनिटांची फिल्म, आणि घरघर इतकी की सेटवरचे संवाद बऱ्याचदा निकामी होतात. त्यामुळे हा कॅमेरा कमी बोलण्याच्या, मोठ्या अवकाशाच्या प्रसंगांसाठी राखायचा. शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर ट्रक उलटतो तो खराखुरा. ट्रेलरखाली बसवलेल्या दट्ट्याने तो उभा केला. नवख्या मालिकेच्या पहिल्याच भागाला निर्मात्यांकडून असला धोका क्वचितच मंजूर होतो.

संकलनातून, थोडक्यात

'कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर'ची (२०१४) लिफ्ट. माणसं मजल्यामजल्याला चढत जातात, एकाच्या कपाळावर घाम, दुसऱ्याचा हात हत्याराजवळ. पहिला फटका बसायच्या आधीच प्रेक्षक सावध झालेला असतो. आणि युद्धपट संपवून दुसऱ्या भागात थेट राजकीय कटाच्या थरारपटाकडे वळायचं धाडस केलं, हे मला त्या मारामारीहून मोठं वाटतं.

फसतं कुठे

मोकळा झालेला वेळ पात्रांच्या गर्दीने भरला की चित्रपट कोसळतो. 'आयर्न मॅन २'ची (२०१०) बरीच मिनिटं पुढच्या चित्रपटांची पायाभरणी करण्यात गेली. तिसरा भाग असला तरी 'स्पायडर-मॅन ३' (२००७) इथे सांगायलाच हवा: सँडमॅन, व्हेनम आणि हॅरी, तिघांनाही पुरेशी जागा नाही, आणि व्हेनम तर पुरता उभा राहीपर्यंत चित्रपट संपत आलेला. पटकथा तपासताना प्रत्येक खलनायक एकेक करून काढून पाहा. तो काढल्यावर नायकाचा निर्णय बदलत नसेल तर तो जादा आहे.

अ‍ॅनिमेशनवाल्यांसाठी

'इन्टू द स्पायडर-व्हर्स'मध्ये (२०१८) नवशिक्या स्पायडर-मॅन माइल्सला काही दृश्यांत सेकंदाला १२ चित्रांवर हलवलंय, सराईत पीटरला २४ वर. म्हणून माइल्स अडखळल्यासारखा दिसतो. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ने (२०२३) हीच कल्पना पसरवली. होबी या पंक स्पायडर-मॅनचं अंग, जॅकेट आणि गिटार वेगवेगळ्या गतीने हलतात. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या मुंबॅटनचे रंग आणि रेषा इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतल्या आहेत. मराठीतून वेताळ वाचलेल्यांना त्या ओळखू येतील. भारतात हा चित्रपट मराठीसह दहा भाषांत लागला होता. मात्र गोष्ट अर्ध्यावर तुटते, ते मला खटकतं. तरी ग्वेन (दुसऱ्या विश्वातली स्पायडर-वुमन) आणि तिच्या वडिलांचा प्रसंग फ्रेमफ्रेमने थांबवून पाहा. मागच्या भिंतींचा जलरंग ओघळतो, विरतो, दोघांच्या मनःस्थितीप्रमाणे छटा बदलत जातो, आणि ते जवळ येतात तसा उजळतो.