मदत हवी आहे : पेरू देशाचा आडवा छेद मुलांना कसा दाखवू?

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या वाचनालयात पाचवी-सहावीच्या मुलांना दक्षिण अमेरिकेबद्दल सांगायचं आहे. अख्खा खंड घेतला तर नद्या-राजधान्यांची घोकंपट्टीच होणार, म्हणून एकटा पेरू पश्चिमेकडून पूर्वेकडे घ्यायचा बेत आहे.

समुद्राला लागून चक्क वाळवंट! हम्बोल्ट या थंड प्रवाहामुळे लिमात धुकं दाटतं, पाऊस मात्र नावालाच. मासळी उदंड. मग अँडीज पर्वतरांग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण चुन्यो. उंचावरच्या कडाक्याच्या रात्री बटाटे उघड्यावर गोठवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं, दिवसाच्या कडक उन्हात खडखडीत वाळवायचे. वर्षानुवर्षं टिकतात म्हणे! पलीकडे उतरलं की अ‍ॅमेझॉनचं जंगल. तिथल्या इकितोस शहराला बाहेरून रस्ताच जात नाही, बोट नाहीतर विमान.

अडचण अशी की छेद पुठ्ठ्यावर करायचाय. हुआस्कारान शिखर ६,७६८ मीटर, पण देशाची रुंदी शेकडो किलोमीटर. खऱ्या प्रमाणात केलं तर मीटरभर पुठ्ठ्यावर डोंगर जेमतेम सेंटिमीटरभर! उंची किती पट वाढवावी? वीसपट केली तर मुलांचा गैरसमज होईल का? भूगोल शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा.

शिवाय कुणी पेरूच्या डोंगराळ भागातल्या कुस्को-पुनो शहरांकडे राहिलं असेल तर तिथली मुलं डब्यात काय नेतात तेही लिहा. आमच्याकडे पहिला प्रश्न तोच येतो.