सहा एकर आंबा-काजू, उताराची जमीन: बेणणीसाठी मिनी ट्रॅक्टर कुठला?

डोंगरउतार:

नमस्कार मंडळी. जागा लांजा तालुक्यात. साडेतीन एकर हापूस (१० × १० मीटर), दीड एकर काजू (७ × ७), उरलेल्या एकरात घर, अंगण, पाणंद आणि दहा गुंठे हिरवळ. निम्मी जमीन सपाट, निम्मी उताराची, मधेमधे जांभा वर आलेला. बेणणी (बागेतलं गवत कापून काढणं) वर्षातून दोनदा. आतापर्यंत ब्रशकटर आणि माणसं यांवर भागलं, आता माणसं मिळत नाहीत. शिवाय कलमांची फवारणी, शेणखताची वाहतूक, उन्हाळ्यात पाण्याची टाकी.

पाहिलेली मॉडेलं: स्वराज ७१७ (१५ एचपी), महिंद्रा जिवो २४५ (२४), कुबोटा बी२४४१ (२४). डीलर म्हणतो, गवतच कापायचं तर १५ खूप झाले. खरं का? आणि हिरवळही त्यानेच होईल का?

---

पाना_पकड:

आधी स्लॅशर (ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी गवत कापणारं अवजार) ठरवा, ट्रॅक्टर आपोआप ठरेल. उलट्या क्रमाने गेलं की १५ चा ट्रॅक्टर येतो, मग त्याला झेपेल असा तीन फुटी स्लॅशर शोधत फिरावं लागतं. तीन फुटीचा तोटा असा की मागच्या चाकांनी चेपलेलं गवत पात्याच्या बाहेर राहतं आणि आठ दिवसांत पुन्हा उभं होतं. स्लॅशरची रुंदी दोन्ही मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्तच हवी. मिनीला म्हणजे चार फूट.

पावसाळ्यानंतर कंबरभर, जाड काडीचं गवत कापायला स्लॅशरच्या दर फुटामागे पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) ४ ते ५ एचपी धरा. चार फुटाला १६ ते २०. लक्षात घ्या, हे पीटीओचे एचपी आहेत. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेले असतात ते इंजिनचे. म्हणून १५ एचपी तुमच्या कामाला तोकडा. तो ऑगस्टमध्ये गुडघ्याएवढं कोवळं गवत कापेल; ऑक्टोबरात दर दहा पावलांना इंजिन बसेल. तिथे डीलरचं चुकलं. बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे (मध्य प्रदेश) चाचणी अहवाल मागून घ्या, त्यात पीटीओवर प्रत्यक्ष मोजलेली ताकद आणि हायड्रोलिकची उचल दोन्ही असतात. फ्लेल मल्चर (गवताचा बारीक चुरा करणारं अवजार) घ्यायचा विचार असेल तर तो याहून जास्त ताकद खातो. २४ एचपीवर चार फुटी मल्चर ओढाताणच.

आता क्लच. याबद्दल शोरूममध्ये कुणी आपणहून बोलत नाही. सिंगल क्लच असेल तर क्लच दाबल्यावर इंजिन सुटतं, पण स्लॅशरचं फिरतं वजन गिअरबॉक्समधून उलटं चाकांना ढकलत राहतं. समोर गडगा (दगडी कुंपण) आला, क्लच दाबला, तरी ट्रॅक्टर दोन-तीन फूट पुढे जातो. यावर उपाय म्हणजे पीटीओ शाफ्टला (पीटीओ आणि स्लॅशर जोडणाऱ्या दांड्याला) ओव्हररनिंग कपलर. त्याने ताकद एकाच दिशेने जाते. ड्युअल क्लच असेल तर अर्ध्या पेडलवर ट्रॅक्टर थांबतो आणि पाती फिरत राहतात, दाट गवतात ते फार सोयीचं. ट्रायलला नेमकं हेच करून बघा: स्लॅशर लावून, पीटीओ चालू ठेवून क्लच दाबायचा.

आणि पीटीओचा वेग. चार फुटी स्लॅशर मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेला असतो. काही मिनींना दुसरा, ७५० किंवा ९८० चा पीटीओ असतो. तो फवारणी पंपाच्या वगैरे कामाचा. चुकून त्यावर स्लॅशर टाकलात तर पात्याचं टोक झेपेल त्यापेक्षा कितीतरी वेगाने फिरतं. बेअरिंग जातं, नाहीतर पातं निखळून उडतं. लिव्हरवर रंगाने खूण करून ठेवा.

---

कातळसडा:

वरचं सगळं बरोबर, पण उतार मोजल्याशिवाय काही घेऊ नका. एक मीटरची सरळ पट्टी उताराच्या दिशेने धरायची, वरचं टोक जमिनीवर टेकवायचं, लेव्हलची नळी लावून पट्टी आडवी सपाट करायची आणि खालचं टोक जमिनीपासून किती वर राहतं ते टेपने मोजायचं. १४ सेंटीमीटर आले तर ८ अंश, २७ आले तर १५. मिनी ट्रॅक्टर अरुंद असतो, त्यामुळे माझा हिशेब कडक आहे: आडवं चालवायचं तर ८ अंशांपर्यंत, वर-खाली चालवायचं तर १५ पर्यंत. पुढे ब्रशकटरच. चाकांची रुंदी बदलता येत असेल तर जास्तीत जास्त बाहेर घ्या, दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडून ठेवा.

उतारावर फोर व्हील ड्राइव्हच घ्या. चढायला तर लागतोच, पण खरी गरज उतरताना. ब्रेक सहसा मागच्या चाकांनाच असतात आणि दंवाने ओल्या गवतावर मागची चाकं लॉक होऊन घसरतात. फोर व्हील लावून लो गिअरमध्ये उतरलं की इंजिनचा अटकाव चारही चाकांना मिळतो. उतरताना गिअर बदलायचा नाही, न्यूट्रल तर मुळीच नाही. तुमच्या यादीतलं ७१७ टू व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इथेही तेच बाद.

रोप्स, म्हणजे सीटमागची संरक्षक कमान, दुमडणारी घ्या. कलमांच्या खालच्या फांद्या तिला अडकतात म्हणून लोक कायमची काढून टाकतात, हा शुद्ध वेडेपणा. झाडाखाली दुमडा, बाहेर आलात की उभी करा. कमान उभी असेल तेव्हा सीटबेल्ट लावायचा, दुमडलेली असेल तेव्हा लावायचा नाही.

जांभ्याचं म्हणाल तर पहिल्या वर्षी कापण्याआधी बाग पायी फिरा आणि वर आलेल्या प्रत्येक दगडाला चुन्याचा ठिपका किंवा काठी. कापणीची उंची चार ते पाच इंच ठेवा, स्किडवर (स्लॅशरच्या खालच्या घसरपट्ट्यांवर) टेकवून, नुसती हायड्रोलिकवर लोंबकळत नको. पाती मागे दुमडणारी असावीत, आणि बदलायची तर जोडीने. वजनात फरक पडला की थरथर सुटते आणि गिअरबॉक्सचं सील जातं. शिअर बोल्ट (दगड लागला की आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा) तुटला तर कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचा टाका. हाय टेन्सिल टाकलात तर पुढच्या दगडाला बोल्ट टिकेल, गिअरबॉक्स फुटेल.

ऑक्टोबरात कुसळं रेडिएटरच्या जाळीवर अशी बसतात की जणू घोंगडी पांघरलीय. दर दोन तासांनी इंजिन बंद करून ब्रशने झाडा. हवा मारायची तर पंख्याच्या बाजूने बाहेर, नाहीतर कुसळ पत्र्यांच्या फटीत आणखी आत जातं. तापमानाचा काटा चढला की आधी जाळी बघा.

---

हिशेबी_माणूस:

थोडी उलटी बाजू. चार फुटी स्लॅशर ताशी अडीच किलोमीटरने, झाडांभोवतीची वळणं धरून तासाला साधारण १८ गुंठे करतो. तुमची पाच एकर बाग म्हणजे २०० गुंठे, ११ तास. दोन बेणण्या म्हणजे वर्षाला चार दिवस! आणि आळ्यातलं, बुंध्याजवळचं गवत तरीही ब्रशकटरनेच काढायचं आहे. नुसत्या बेणणीसाठी ट्रॅक्टर परवडत नाही, भाड्याने मिळाला तर तेच करा.

ट्रॅक्टर वसूल होतो तो फवारणीत. साडेतीन एकरात १०×१० ने सुमारे १४० कलमं, मोठ्या कलमाला १० लिटर धरले तर एका फेरीला १४०० लिटर, म्हणजे २०० लिटरची सात बॅरलं. मोहोरापासून पाच-सहा फेऱ्या. पीटीओवरचा एचटीपी (जास्त दाबाचा फवारणी) पंप आणि ४०० लिटरची टाकी घेतली की हे काम एका दिवसात बसतं. मात्र हायड्रोलिकची उचल लिंकच्या (अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेली असते. टाकीचं वजन त्याच्या दीड-दोन फूट मागे पडतं, तिथे उचल कमी होते आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात. पुढची वजनं ट्रॅक्टरसोबतच घ्या.

अनुदानाला अर्ज करणार असाल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अर्जाचं पोर्टल) पूर्वसंमती मिळेपर्यंत पैसे भरू नका, आधीची खरेदी धरत नाहीत. आणि कोटेशन जुनं असेल तर नवं मागा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय.

हिरवळीचं विसरा. स्लॅशर गवत फाडतो, कापत नाही, आणि ट्रॅक्टरचे शेती टायर पावसाळ्यात हिरवळीवर चर पाडतात. दहा गुंठ्यांना २१ इंची पेट्रोल मोवर घ्या, तासाभराचं काम.

---

डोंगरउतार:

सगळ्यांचे आभार. उतार मोजला. काजूचा खालचा भाग ११ ते १८ सेंटीमीटर, आंब्याचा बराचसा २० ते २५. वरचा साधारण पाऊण एकर मात्र ३४. जिवो आणि बी२४४१ दोन्ही फोर व्हील ड्राइव्ह, त्यामुळे आता त्या दोघांतच. शाफ्ट स्लॅशरसोबत येतो तो तसाच बसतो का?

---

कातळसडा:

३४ म्हणजे जवळजवळ १९ अंश. तो पाऊण एकर ब्रशकटरचा. बाकी सगळं वर-खाली कापा. काजूत १४ सेंटीमीटरच्या आत आहे तिथे आडवं चालेल.

---

पाना_पकड:

दोघांपैकी ज्याचं सर्व्हिस सेंटर जवळ आणि ज्याचा क्लच ट्रायलला पसंत पडेल तो.

शाफ्ट बहुतेक वेळा लांब पडतो. तसाच बसवून स्लॅशर उचलला तर तो पीटीओच्या बेअरिंगवर ठोसा देतो. शाफ्टचे दोन भाग वेगळे करा, एक ट्रॅक्टरला, एक स्लॅशरला लावा. हायड्रोलिक हळूहळू वर-खाली करून दोन टोकं सगळ्यात जवळ येतात ती जागा शोधा आणि तिथे दोन्ही भाग शेजारी धरा. शेवटाला २ ते ३ सेंटीमीटर मोकळी जागा राहील इतकं दोन्हींतून सारखंच कापा, वरचं प्लॅस्टिक कव्हरही तेवढंच. कानसेने कडा साफ करून ग्रीस भरा. सगळ्यात लांब स्थितीतही नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश शिरलेल्या हव्यात. कपलर लावणार असाल तर तो बसवून मगच मोजा, त्याने चारेक इंच वाढतात. जोडताना दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दुबेळके) एका रेषेत, नाहीतर शाफ्ट थरथरतो.

शाफ्टला स्लिप क्लच (जास्त भार आला की घसरून गिअरबॉक्स वाचवणारा) असेल तर पावसाळ्यात शेडमध्ये पडून त्याच्या प्लेटा गंजून चिकटतात, मग दगड लागला तरी घसरत नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगांच्या नटांचे आटे मोजून सैल करा, प्लेटांवर आडवी खडूची रेघ मारा, पीटीओ दोन-तीन सेकंद लावून बंद करा. इंजिन बंद करून पाती थांबल्यावरच जवळ जा. रेघ तुटलेली दिसली की प्लेटा सुटल्या. नट मोजून तितकेच आटे परत आवळा.